लॉकडाऊन तिच्यासोबत काढलाय, आता कायमची सांगलीला येताना मांजर आणू का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, गावभागातली. नऊ वर्षं झाली डब्लिनला नर्स आहे. पुढच्या मार्चमध्ये कायमची परत येतेय, आईला आता एकटीला जमत नाही. प्रश्न एकच आहे, पण त्याच्या आधी मागचं सांगावं लागेल, लांबलं तर समजून घ्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं, आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे बघा, आणि मी इथं फोन हातात घेऊन बसलेली, आई माडीवर अडकलीय आणि आपण काहीच करू शकत नाही. त्यानंतर ड्यूटीवरून रिकाम्या घरात यायचं म्हटलं की नको वाटायचं. म्हणून नोव्हेंबरमध्ये शेल्टरमधून एक मांजर आणलं. करडं, पट्ट्यापट्ट्याचं, एक कान जरा फाटलेला. चिंगी नाव ठेवलं. चारच महिन्यांत कोरोना आला.

२७ मार्च २०२० ला रात्री इथं लॉकडाऊन लागला, घरापासून दोन किलोमीटरच्या पुढं जायचं नाही, ५ मे पासून ते पाच झालं. मी ड्यूटीला जात होते, पण घरी आलं की घर आणि चिंगी, तिसरं कुणी नाही. बारा तासांची नाईट करून यायची, दारातच कपडे काढून काळ्या पिशवीत टाकायची आणि सरळ बाथरूम. चिंगी बाहेर. दाराखालच्या फटीतून तिचा पंजा आत यायचा, नखं न काढता, नुसता मऊ पंजा, फरशी चाचपत. माझी आंघोळ होईस्तोवर तिथंच असायचा. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमधली वाघीण पॉझिटिव्ह आल्याची बातमी वाचली आणि मी आठवडाभर तिला जवळ घेतलं नाही, वेगळ्या खोलीत झोपले. ती दाराबाहेर बसून राहायची. तो आठवडा आठवला की अजून पोटात तुटतं.

२०२१ च्या जानेवारीत इथं मोठी लाट आली त्यात मी स्वतः पॉझिटिव्ह. ताप चढला, धाप लागायला लागली, तेव्हा मरायच्या भीतीआधी डोक्यात हे आलं की मला ॲम्ब्युलन्समधून नेलं तर या दाराआड मांजर आहे हे कुणाला कळणार? उठले, एका कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं की आत मांजर आहे, घाबरट आहे, पलंगाखाली बघा, खाणं खालच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि खाली मैत्रिणीचा नंबर. दाराला आतून चिकटवलं. न्यावं लागलं नाही, देवाची कृपा. पण ती चिठ्ठी मी अजून काढलेली नाही.

आता घरचे म्हणतात तिला इथंच कुणाला तरी देऊन ये. दादा म्हणतो मांजरापायी एवढा खर्च? आई म्हणते आपल्या गल्लीत काय मांजरं कमी आहेत का? त्यांचं चुकतं असं म्हणत नाही, त्यांनी ते दिवस बघितलेच नाहीत. पण ती आता सहा वर्षांची आहे, इतका लांबचा प्रवास आणि पुढं सांगलीचा उन्हाळा सोसेल का? कुणी आणलंय का असं? कागदपत्रं काय लागतात? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

अजिंक्यताऱ्याखालचा

ताई, आणा. मी साताऱ्याचा, शाहूपुरीतला, २०२२ ला स्पेनमधनं माझी कुत्री घेऊन आलो, आत्ता हे लिहितोय तर पायाशी पडलीय.

तुमचं ते दाराखालच्या पंजाचं वाचलं आणि पुढं वाचायला जरा वेळ लागला. मी झारागोझाला होतो, १४ मार्च २०२० ला तिथं आणीबाणी लागली ती लय कडक, फिरायला म्हणून बाहेर पडायचंच नाही, किराणा, औषध, काम, आणि कुत्रं असेल तर कुत्र्याला घराजवळ फिरवून आणायचं, बास. लहान पोरांना २६ एप्रिलपर्यंत दाराबाहेर काढता येत नव्हतं, मोठ्यांना नुसतं चालायला २ मे पासनं, ते पण ठरलेल्या वेळात. त्या सात आठवड्यांत मी ऊन बघितलं ते लालीमुळं. एका हातात दोरी, एका हातात साबणाच्या पाण्याची बाटली, कारण ती जिथं मुतेल तिथं धुवायचं, तशा सूचनाच होत्या. रात्री आठला सगळा गाव बाल्कनीत येऊन दवाखान्यातल्या लोकांसाठी टाळ्या वाजवायचा, तर लाली पावणेआठलाच बाल्कनीच्या दाराशी जाऊन बसायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक आजीबाई तिला नावानं हाक मारायच्या. मला स्पॅनिश बेताचंच येत होतं, पण त्या हाकेला मी हात करायचो आणि दिवसभरातलं माझं तेवढंच माणसाशी बोलणं.

आता कागदपत्रांचं. पहिलं म्हणजे दोन वर्षं सलग बाहेर राहून कायमचं परत येत असाल तर सामानाबरोबर पाळीव प्राणी आणता येतो, माणशी दोन. तुमचं त्यात बसतंय. दुसरं, मायक्रोचिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम चुकवू नका. आयर्लंडमध्ये रेबीज नाही त्यामुळं तिथं मांजरांना ती लस सहसा देतच नाहीत, तुम्हाला मागून घ्यावी लागेल, आणि प्रवासाच्या वेळी त्या लसीला तीस दिवस होऊन गेलेले पाहिजेत आणि वर्षाच्या आत पाहिजे. तिसरं, निघायच्या आधी आठवड्याच्या आत सरकारी पशुवैद्याच्या सहीचं हेल्थ सर्टिफिकेट. आणि चौथं, ॲनिमल क्वारंटाइनची एनओसी, म्हणजे बाहेरून येणारी जनावरं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं ना-हरकत पत्र, मुंबईला त्यांचं स्टेशन आहे, पासपोर्ट, तिकीट, लसीचं कार्ड सगळं जोडून अर्ज करायचा, ती हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. तिकीट काढायच्या आधी एअरलाइनला विचारा केबिनमध्ये घेतात का कार्गोत, सगळ्यांचं वेगवेगळं असतं. अर्ज करायच्या वेळी नियम परत एकदा बघून घ्या, बदलत राहतात.

पिंजरा आत्ताच आणा आणि घरात उघडा ठेवा. लाली दोन महिने त्यातच झोपायची, त्यामुळं विमानात तिला ते तिचंच घर होतं. झोपेचं औषध देऊ नका, वर हवेत त्याचा त्रास होतो.

मुंबईहून येताना खंबाटकी उतरलात की फोन करा, साताऱ्यात आमच्याकडं थांबा, मांजराला एक खोली रिकामी करून देतो.

तासगावकर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आई थकलीय म्हणून येताय ना? मग घरात आल्यावर आईच्या औषधपाण्यात, दवाखान्यात जीव अडकणार. त्यात मांजराचं करायचं कोण? वयस्कर माणसाच्या पायात मांजर आलं आणि पडली तर? आमच्या काकूचं खुब्याचं हाड तसंच मोडलं. तिथं चांगलं घर मिळत असेल तर देण्यात पाप नाही.

गुरांचा डॉक्टर, मिरज

ताई, मी पशुवैद्य आहे, शिरवळच्या कॉलेजातून शिकलो. सहा वर्षांचं घरातलं मांजर म्हणजे म्हातारं नाही, तब्येत चांगली असेल तर प्रवास निघतो. तासगावकरांचा मुद्दा खोटा नाही, पण त्याला उपाय आहे. गळ्यात घुंगरू बांधा आणि रात्री मांजराची खोली वेगळी ठेवा.

मला जास्त काळजी आहे ती आल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांची. जागा बदलली की मांजर दडून बसतं आणि खात नाही. कुत्रं दोन दिवस उपाशी राहिलं तर चालून जातं, मांजराचं तसं नाही, दोन दिवस पोटात काही गेलं नाही तर लिव्हरवर येतं, जाड मांजरात तर लवकरच. म्हणून तिथलं तिचं नेहमीचं खाणं महिन्याभराचं सोबत आणा आणि इथलं त्यात थोडं थोडं मिसळत आठ दहा दिवसांत बदला. घरचे प्रेमानं दूधभाकरी पुढं करतील, आपल्याकडं पद्धतच आहे, पण मोठ्या मांजराला दूध बऱ्याचदा पचत नाही, जुलाब लागतात. आणि एक हात जोडून सांगतो, ताप वाटला म्हणून कुणी पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, अर्धी पण नाही. मांजराला ते विष आहे. माझ्याकडं अशी मांजरं आलीत, हिरड्या काळपट पडलेल्या, आणि पोरं टेबलाजवळ उभी राहून रडतायत. तुम्ही नर्स आहात म्हणून घरात गोळ्या असणारच.

गल्लीत सोडायची नाही. तिकडची मांजर, इथल्या बोक्यांशी भांडायची सवय नाही, आणि इथं रेबीज आहे. निघायच्या आधी मांजराची तीन रोगांची एकत्र लस पूर्ण करून घ्या, इथं आल्यावर रेबीज दरवर्षी. खिडक्यांना बारीक जाळी. एप्रिल-मे मध्ये दुपारी खालच्या मजल्यावर शहाबादी फरशी असेल तर तीच तिची जागा, ती स्वतःच शोधेल.

ब्राँक्सच्या वाघिणीचं म्हणालात तर तेव्हा इथं पण तेच झालं. मांजरा-कुत्र्यांमुळं कोरोना होतो अशी आवई उठली आणि लोकांनी पाळलेली कुत्री रस्त्यावर सोडली. जनावरांचे दवाखाने अत्यावश्यक सेवेत होते म्हणून मी रोज पास दाखवून जायचो, तेव्हा सांगली-मिरज रस्त्यावर गळ्यात पट्टा असलेली कुत्री दिसायची. हॉटेलं बंद म्हणून उकिरड्यावर पण काही नाही. नंतर कळलं की मांजरांना होतो तो बहुतेक मालकाकडूनच, आणि बरीचशी बरी पण होतात. म्हणजे तुम्ही तो आठवडा लांब राहिलात ते तिच्यासाठी बरोबरच होतं. उगाच मनाला लावून घेऊ नका.

वारणेचा पाटील

मी उलट बाजूनं सांगतो. मी कुवेतला होतो, मार्च २०२० च्या सुरुवातीला बहिणीच्या लग्नाला इस्लामपूरला आलो, आठ दिवसांची रजा. मांजर शेजारच्या केरळी भावाकडं ठेवलेलं, आठ दिवसांचं खाणं देऊन. तिकडं विमानं बंद झाली, पाठोपाठ २२ मार्चपासून इथली पण, त्यात आमच्या इस्लामपुरातच पेशंट सापडले आणि गाव सील. मी माडीवर बसून कुवेतच्या बातम्या बघायचो. १० मे ते ३० मे तिथं पूर्ण कर्फ्यू होता, त्या माणसाची स्वतःची नोकरी गेलेली, तरी रोज संध्याकाळी मांजराचा व्हिडिओ पाठवायचा. मी म्हणायचो पैसे पाठवतो, तो म्हणायचा नंतर बघू. एक दिवस व्हिडिओत दिसलं की मांजर भात-मासा खातंय त्याच्याच ताटलीतला, आणि तो बाजूला बसून नुसता भात.

पुढच्या वर्षी परत गेलो तर ते त्याच्या उशाशी झोपत होतं. माझ्याकडं बघितलं, वास घेतला आणि परत त्याच्याकडं गेलं. मी मागितलं नाही. त्या दिवसांत ज्याच्याजवळ ते होतं त्याचंच ते. तुमच्या बाबतीत त्या दिवसांत तुम्हीच होता ताई, म्हणून मी म्हणेन आणा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनतीनदा वाचलं. सहा वर्षं तो आठवडा माझ्या मनात होता.

तासगावकर दादा, राग अजिबात नाही, पायात येऊन पडायचं माझ्या पण डोक्यात आलेलं, घुंगरू आणि रात्रीची वेगळी खोली दोन्ही करणार. आईचंच आधी, त्यात शंका नाही.

कालच क्लिनिकला फोन केला, चिप आहे पण रेबीज खरंच दिलेलं नाही, पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट मिळाली. पिंजरा मागवलाय. सातारकर दादा, खंबाटकी उतरले की नक्की फोन करते.

आणि रात्री आईला ती दारावरची चिठ्ठी फोनवर वाचून दाखवली, मराठीत करून. तिला मी पॉझिटिव्ह होते हे माहीत होतं, एवढी आजारी होते हे माहीत नव्हतं, सांगितलंच नव्हतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, खालचा ड्रॉवर काही देत नाही तिला, खाली पुराचं पाणी येतं, माडीवरच्या फडताळातला वरचा कप्पा रिकामा करते.

सांगलीत खिडक्यांना बारीक जाळी चांगली कोण बसवून देतं, कुणाला माहीत असेल तर सांगा. जुना वाडा आहे, लाकडी चौकटी आहेत.