वजिराच्या बाजूला एक प्यादं जास्त = जिंकलेला डाव? कोणी सांगितलं?

अडीचघर: काल इथे बुद्धिबळाच्या चर्चेत एकाने ठणकावून लिहिलंय, "वजिराच्या बाजूला प्यादं जास्त असेल तर डोळे मिटून सगळी मारामारी करा, राजा-प्याद्यांचा शेवट आपोआप जिंकतो." वर "मास्टर सांगतात" अशी पुस्ती. (वजिराची बाजू म्हणजे ए ते डी पट्ट्यांचा अर्धा पट, मारामारी म्हणजे सोंगट्यांची अदलाबदल, आणि शेवट म्हणजे थोड्याच सोंगट्या उरलेला डावाचा भाग.) रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून सविस्तर लिहितोय.

हत्तींच्या शेवटात एक प्यादं कमी असून माणूस बरोबरी सोडवतो. राजा-प्याद्यांत एक चाल हुकली की बरोबरीच्या अर्ध्या गुणालाही मुकतो. म्हणजे डोळे मिटायची जागा नेमकी हीच नाही.

स्पॅनिश ओपनिंगचा (डावाची एक ठरलेली सुरुवात) एक्स्चेंज प्रकार घ्या. डी४ या घरावर मारामारी झाली की वजिराच्या बाजूला काळ्याची चार प्यादी, पांढऱ्याची तीन. तुमच्या नियमाने काळा जिंकायला हवा. आता पटावरच्या सगळ्या सोंगट्या उचला, राजे आणि प्यादी तेवढी ठेवा. पांढरा जिंकतो! काळ्याची दोन प्यादी सी पट्टीत एकामागे एक उभी, त्यामुळे त्या चारांतून मोकळं प्यादं, म्हणजे ज्याची वाट अडवायला शत्रूचं प्यादं उरलेलं नाही असं, निघत नाही. पांढऱ्याच्या चारांतून निघतं, आणि ते राजाच्या बाजूला. बाजू मोजू नका, प्यादं निघतंय का ते बघा.

प्यादेमात: ते वाक्य माझं आहे, नाव घ्यायला लाजू नका. डबल प्यादी असली तर ती मेजॉरिटी (एका बाजूला जास्त प्यादी) लंगडी, हे काय वेगळं सांगायला हवं? आणि एक्स्चेंजमध्ये पांढऱ्याचंच बरं हे जगज्जेत्या लास्करने १९१४ साली सेंट पीटर्सबर्गला कापाब्लांकाला हरवून दाखवलंय, त्यात तुम्ही नवीन काय सांगितलंत?

आता हे मांडून बघा. पांढरा राजा ई४, प्यादी ए४, जी४, एच३. काळा राजा ई६, प्यादी एफ६, जी५, एच६. तीनास तीन. चाल कोणाचीही असू दे. पांढरा ए५, ए६ करत सुटतो, काळ्या राजाला मागे धावावंच लागतं. तो बी६ ला पोचेपर्यंत माझा राजा एफ५ वर. तो ए६ खातो, मी एफ६ खातो, मग जी६, एच६, जी५. ए प्यादं मेलं तरी कामाला आलं. दूरच्या प्याद्याचं काम वजीर होणं नाही, समोरच्या राजाला लांब नेणं आहे. म्हणून वजिराची बाजू.

तिरकाउंट: लास्करचा तो डाव राजा-प्याद्यांपर्यंत गेलाच नव्हता. एफ५ करून घोडा ई६ वर बसवला आणि काळ्याचा श्वास कोंडला. दाखला द्यायच्या आधी डाव बघत जा.

आणि तुमच्या उदाहरणात मेजॉरिटी आहे कुठे? मोकळं प्यादं आधीच पटावर ठेवलंत. ते निर्माण करताना जे हाल होतात तेच गाळलं.

प्यादेमात: उंटावरून शेळ्या हाकायला नावही बरं मिळालंय. माझी पोझिशन टेबलबेसमध्ये (शेवटांचे अचूक निकाल आधीच मोजून ठेवलेला संगणकी साठा) टाका, निकाल समोर येईल.

तिरकाउंट: पूर्ण टेबलबेस सात सोंगट्यांपर्यंतच आहेत. दोन राजे, सहा प्यादी, किती झाले? मोजता येत नाही आणि शेवट शिकवायला निघालात.

घड्याळजी: तुम्ही दोघंही हवेत आहात. असा शेवट येतो तेव्हा घड्याळात उरतं काय? पूर्वी चाळीस चालींनंतर डाव तहकूब व्हायचा, चाल पाकिटात बंद, रात्रभर पट मांडून हिशोब करायचा. राजा-प्याद्यांचे शेवट तेव्हा खेळले जायचे. आता चालीमागे तीस सेकंद, त्यात कोण मोजणार?

अडीचघर: तहकुबीत रात्री मित्रांची फौज हिशोब करायची आणि सकाळी एकटा मिरवायचा. ते चांगलं होतं?

घड्याळजी: मी कधी कोणाला विचारलं नाही. एकटाच बसायचो. तुम्हाला काय माहीत?

नवखा६४: फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटना) बऱ्याच स्पर्धांत चाळीस चालींना नव्वद मिनिटं, पुढे अर्धा तास, आणि पहिल्या चालीपासून तीस सेकंद. वेळ असतो की. तुम्ही ओपनिंगमध्ये जाळता.

घड्याळजी: ओपनिंगमध्ये जाळायला मी काय ओपनिंग पाठ करतो? तुमची पिढी वीस चाली न बघता खेळते आणि एकविसाव्या चालीला पटाकडे पहिल्यांदा बघते. माझा शेवटचा जिंकलेला डाव चार सेकंद उरले असताना बरोबरीत गेला. राजा एक घर चुकला. तहकुबी असती तर जिंकलो असतो.

तिरकाउंट: किंवा समोरच्याने रात्रीत बरोबरी शोधली असती.

घड्याळजी: तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

नवखा६४: मूळ विषयावर येऊ का? माझं स्वतःचं सांगतो, हसू नका. मी पांढरा. राजा जी१, प्यादी ए२, बी२ आणि एफ२, जी२, एच२. काळ्याचं ए७, इकडे ई, एफ, जी, एच. दोनास एक माझ्याकडे, वजिराच्या बाजूला. अगदी प्यादेमातांच्या स्वप्नातली पोझिशन. मी ऐटीत ए४ केलं. त्याने ए५. संपलं! एका प्याद्याने माझी दोन धरून ठेवली. तरी मी बी४ रेटलं. त्याने मारलं, मी ए५, तो बी३, मी ए६, तो बी२, मी ए७. मनात म्हटलं, त्याचा वजीर एक चाल आधी होईल, माझा लगेच मागून. त्याने बी१ला वजीर केला आणि हात पुढे केला. मला वाटलं, सोडतोय. मात होती. जी१ चा राजा, पुढे तीन प्यादी, पळायला घर नाही.

अडीचघर: 😂 माफ करा, पण हेच! ज्या प्याद्यासमोर शत्रूचं प्यादं नाही ते आधी, म्हणजे बी४. ए२ जागेवरच ठेवायचं, ए३ की ए४ हा निर्णय हातात राहतो, ती एक चाल पुढे कामाला येते. आणि त्याच्याही आधी राजा मधे.

प्यादेमात: राजा मधे आणायचा हे मी लिहिलं नव्हतं कारण ते सगळ्यांना माहीत असतं.

नवखा६४: मला नव्हतं.

तिरकाउंट: तीनास तीन असलं तरी प्यादं निघतं, ते सोयीस्कर विसरलात. पांढरी ए५, बी५, सी५, काळी ए७, बी७, सी७, राजे लांब. बी६! ए ने मारलं तर सी६, सी ने मारलं तर ए६. दोन प्यादी जातात, तिसरं पळतं. इथे कोणाची मेजॉरिटी?

प्यादेमात: आणि चाल काळ्याची असती तर तोच बी६ करतो, मग बसा. म्हणजे चाल कोणाची यावर सगळं. हे मलाही मान्य आहे, आनंद झाला? मूळ पोस्टमधलं "डोळे मिटून" काढतोय.

अडीचघर: "आपोआप"?

प्यादेमात: ते राहणार.

घड्याळजी: राजा चुकला ते घर डी५ होतं. डी४ ला जायला हवं होतं. आत्ता बसून मोजलं.