विषय: आयुष्मानवर गुडघा बदलणारे पुण्यातले ऑर्थो?

मंडळी, नमस्कार.
आई कोथरूडला असते, वय ७४. दोन्ही गुडघे बदलायला सांगितलेत. वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड) चालेल असा चांगला सर्जन कोणी सुचवेल का?

ताई,
योजनेची मान्यता सर्जनला नसते, हॉस्पिटलला असते. तेही विभागवार. बाहेर योजनेचा बोर्ड झळकतो आणि आत मान्यता फक्त डायलिसिसची निघते. म्हणून पीएम-जयच्या (म्हणजे आयुष्मान योजनेच्या) साइटवर पुणे जिल्हा आणि ऑर्थोपेडिक्स निवडून अंगीकृत (योजनेत घेतलेल्या) रुग्णालयांची यादी काढा. मग त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा. रिसेप्शनवर विचारू नका, तिथे "हो, चालतं" एवढंच ऐकायला मिळतं. विचारायचं नेमकं: टोटल नी रिप्लेसमेंटचं (पूर्ण गुडघा बदलण्याचं) पॅकेज सध्या चालू आहे का, आणि ऑपरेशन कोण करतं?

आईंचे नेहमीचे डॉक्टर असतील तर त्यांनाच विचारा, अंगीकृत हॉस्पिटलात करता का म्हणून. पुण्यात बरेच सर्जन दोन-तीन ठिकाणी ऑपरेशन करतात. ससूनचा ऑर्थो विभागही आहेच, फक्त तिथल्या गर्दीत सोबतीला धडधाकट माणूस हवा.

थोडी भर.
७० पूर्ण झाली की उत्पन्नाची अट नाही, पण वय आधारवरचंच धरतात. कार्ड काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि फोटो तिथल्या तिथे काढतात, त्यामुळे हे काम आई सोबत नसताना लांबून होत नाही. जुना नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्र. वडीलही सत्तरीपुढचे असतील तर वर्षाचे ५ लाख दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती किंवा आयुष्मान, एकच निवडावं लागतं.

प्री-ऑथ, म्हणजे योजनेची आगाऊ मंजुरी, मिळाल्याशिवाय दाखल करू नका. एका गुडघ्याची मंजुरी आहे की दोन्हींची, ते कागदावर बघा. इम्प्लांट पॅकेजमध्येच येतं. "भारीतलं घालू, वरचे पैसे द्या" असं कोणी म्हणालं तर रक्कम लेखी मागा आणि योजनेच्या हेल्पलाइनवर, १४५५५ वर तक्रार करा. बहुतेकदा लेखी मागितलं की विषयच संपतो.

दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस पॅकेजमध्ये धरतात. त्याआधीची ओपीडी, एक्स-रे खिशातून. फिजिओथेरपी मात्र १५ दिवसांत आटपत नाही, घरी येणाऱ्या फिजिओचे पैसे वेगळे काढून ठेवा.