'आउटलाइन करा' म्हणजे नक्की काय करायचं?

जुळारी: डिझाइनच्या प्रोग्रामांसाठी मराठी टिपण लिहायचं तर पहिली ठेच 'आउटलाइन'ला लागते. इलस्ट्रेटरमध्ये या एका शब्दाला तीन कामं आहेत. 'टाइप'मधलं 'क्रिएट आउटलाइन्स' (कंट्रोल-शिफ्ट-ओ) अक्षरांचे आकार करतं. मग मजकूर टाइप करून बदलता येत नाही. 'व्ह्यू'मधलं 'आउटलाइन' (कंट्रोल-वाय) रंग लपवून नुसता सांगाडा दाखवतं, चित्राला हात लावत नाही. 'आउटलाइन स्ट्रोक' रेघेचाच भरीव आकार करतं. कोरलड्रॉत मात्र आउटलाइन म्हणजे आकाराभोवतीची रेघ (एफ१२). मदतपुस्तिकेत शब्द शोधणाऱ्याने कुठला अर्थ धरायचा? सगळीकडे 'बाह्यरेषा' चालेल का?

वेलांटी: नाही चालणार, इंग्रजीतला घोळ तसाच मराठीत येईल. 'रूपरेषा' तर मुळीच नको, ती निमंत्रणपत्रिकेवरच्या कार्यक्रमाची असते. 'फाइल आउटलाइन करून पाठवा' असं सांगितलं की इलस्ट्रेटरवाला अक्षरांचे आकार करतो आणि कोरलवाला अक्षरांना काळी रेघ देतो. छपाईवाले म्हणूनच 'कर्व्ह करून पाठवा' म्हणतात. तो शब्द कोरलच्या 'कन्व्हर्ट टु कर्व्हज'मधून (कंट्रोल-क्यू) आलाय. इंकस्केपमध्ये त्याच कामाला 'ऑब्जेक्ट टु पाथ' (शिफ्ट-कंट्रोल-सी) म्हणतात. टिपणात 'अक्षरांचे आकार करणे (कर्व्ह)' लिहा, आणि 'आधी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा' हे वाक्य त्याच ओळीत घाला. पुस्तिकांमध्ये ते चार परिच्छेद खाली असतं, तोवर ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायची वेळ गेलेली असते.

काठपदर: रेघेसाठी माझं मत 'कड'. 'किनार' कानाला गोड आहे, पण साडीची किनार पूर्णपणे कापडातच असते. इथे रेघ आकाराच्या काठावर मधोमध बसते: निम्मी आत, निम्मी बाहेर. २ मिमी कड दिली तर १ मिमी अक्षराच्या अंगात शिरते आणि बारीक अक्षरात 'ळ', 'ब', 'क' यांची पोटं बुजतात. नवख्याला वाटतं फॉन्टच खराब आहे. कोरलमध्ये एफ१२ दाबून 'बिहाइंड फिल'वर खूण करा, म्हणजे आतली निम्मी कड रंगाखाली जाते. पण मग दिसते फक्त बाहेरची निम्मी, म्हणून १ मिमी दिसायला हवी असेल तर २ मिमी द्या. पुस्तिका या पर्यायाचं नाव सांगते, दुप्पट द्यायचं गणित ज्याचं त्याने करायचं!

तिथलाच 'स्केल विथ ऑब्जेक्ट' हाही पर्याय पाहा. १० फुटी फलक १ फुटात काढून दहापट मोठा केला आणि खूण नसली, तर १ मिमीची कड १ मिमीच राहते. रस्त्यावरून दिसणारच नाही. उलट मोठं चित्र व्हिजिटिंग कार्डावर आणलं तर अक्षरांचा गोळा होतो. इलस्ट्रेटरमध्ये यासाठी प्रेफरन्सेसमध्ये 'स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स' आहे.

जुळारी: 'कड' पटलं. आता 'एकत्र करा'चं काय? कोरलमध्ये ग्रुप, कम्बाइन आणि वेल्ड या तिन्हींना मराठीत हेच लिहिलं जातं.

वेलांटी: देवनागरीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. शिरोरेषा सलग दिसते, पण असते अक्षरागणिक वेगळी, शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली. ग्रुप (कंट्रोल-जी) म्हणजे नुसती मोळी. ती मोळी व्हिनाइल कापायच्या यंत्राला दिली तर सुरी प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. कम्बाइन (कंट्रोल-एल) केलं तर आकार जिथे एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं: जोडाजोडाशी पांढरे ठिपके. हवं असतं ते वेल्ड, म्हणजे एकमेकांवर आलेल्या आकारांचा मिळून एकच सलग आकार. इलस्ट्रेटरमध्ये ते पाथफाइंडरचं 'युनाइट', इंकस्केपमध्ये 'युनियन'. याला 'सांधणे' म्हणा.

क्रमही लिहा: आधी कर्व्ह, मग सांधणे, शेवटी कड. सांधायच्या आधी कड दिली तर शिरोरेषेत प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते.

काठपदर: ग्रुपला 'मोळी'च ठेवा की, 'गट' फार सरकारी वाटतो.

जुळारी: मोळी, सांधणे घेतले. कम्बाइन अडलंय. 'छेदजोड' कसं वाटतं?

वेलांटी: शब्द ठीक आहे, पण छपाईच्या टेबलावर कुणी म्हणणार नाही. 'कम्बाइन'च ठेवा आणि पुढे कंसात 'एकावर एक आलेल्या जागी भोक पडते' एवढं लिहा.