मदत हवी आहे: मुलीची फिजिओथेरपी बंद पडली, अर्ज नेमका कोणाला द्यायचा?

नमस्कार. आम्ही यवतमाळ-वर्ध्याच्या शिवेवरच्या एका खेड्यात राहतो. मुलगी सहा वर्षांची आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर ताबा राहत नाही. बोलायला एक नंबर, पण उजवा पाय आखडतो, टाच टेकत नाही. तीन वर्षं दर मंगळवारी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी केंद्रात नेत होते. एसटीत माझं अर्धं तिकीट, म्हणून जमायचं. तिथल्या मॅडम व्यायाम करून घेत. भिंत धरून दहा पावलं टाकायला लागली होती.

मग मॅडमचं कंत्राट संपलं. पाच महिने झाले, खुर्ची रिकामीच. खिडकीवर विचारलं तर म्हणाले, "दिव्यांगांचा विभाग आता वेगळा झाला, तिकडे जा." जिल्हा परिषदेत समाजकल्याणला गेले, "ते काम आमच्याकडून गेलं." नव्या कार्यालयातले साहेब बिचारे चांगले बोलले, पण त्यांच्याकडे योजना आणि साहित्य, व्यायाम दवाखान्याचा. म्हणजे पुन्हा पहिलीच खिडकी! कापूसकोंड्याची गोष्ट झाली नुसती. त्यात ती यंदा अंगणवाडीतून पहिलीत गेली. अंगणवाडीच्या ताई तपासणीच्या गाडीला दर वेळी तिची आठवण करून द्यायच्या, शाळेत तसं कोणी नाही.

एका चकरेला एक रोज बुडतो, आणि आता सोयाबीन सोंगायला आलं. टाच परत वर उचलली गेली आहे. कोणाकडे जाऊ, एकदाच सांगा जी.

प्रतिसाद १
ताई, मी विशेष शिक्षक म्हणून पंचायत समितीच्या शाळा फिरतो. डिसेंबर २०२२ मध्ये सामाजिक न्याय विभागातून दिव्यांग कल्याण विभाग वेगळा काढला, हे खरं. पण मुलीचे व्यायाम त्या खात्याकडे कधी नव्हतेच. ते केंद्र, म्हणजे जिल्हा शीघ्र निदान व उपचार केंद्र, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं. २०१३ पासूनचा हा कार्यक्रम आरोग्य खात्याचा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. कंत्राटी पद भरलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे. विभागाचं नाव पुढे करणं खिडकीवाल्याला सोपं पडलं.

अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने द्या. "पद भरेपर्यंत माझ्या मुलीला कुठे पाठवता ते लेखी कळवा" एवढंच लिहा, आवक-जावकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. उत्तर नाही आलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे त्याच प्रतीसह तक्रार करता येते. निरामया विमा, म्हणजे दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, काढलाय का? सेरेब्रल पाल्सी त्यात बसते, वर्षाला १ लाखापर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही धरतात. दिव्यांग प्रमाणपत्र लागेल.

प्रतिसाद २
माझा मुलगाही असाच आहे, आता चौदाचा. अर्ज कराच, पण त्याची वाट पाहत टाच ताणायचा व्यायाम थांबवू नका. मॅडमनी दाखवला असेल तोच, बळजबरी न करता, रोज. एकदा कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात नेऊन नवा व्यायाम समजून घ्या, मोबाईलवर शूटिंग करून आणा. आम्ही तसंच केलं. मधली दोन वर्षं व्यायाम सुटला होता, त्याचे पैसे पुढे ऑपरेशनला मोजले.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. सर, प्रमाणपत्र आहे, विम्याचं कोणी सांगितलंच नव्हतं. रोज रात्री ताणते, पण ती रडते म्हणून मीच लवकर सोडत होते. सोमवारी अर्ज घेऊन जाते. अजून एक, तिच्या पायाला आधाराला बांधतो त्या पट्ट्या आता लहान झाल्या, अंगठा बाहेर येतो. त्या कोणाकडे मागायच्या?

प्रतिसाद १
त्या मात्र नव्या विभागाकडे. त्याच दिवशी दोन्ही अर्ज द्या, एक रोज वाचेल.