मामांना लिनक्स टाकायला शिकवतोय, पण पार्टिशनपाशी गाडी अडकली

टॉवेलवाला_भाचा:
मामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथल्या जुन्या लॅपटॉपवर (आय३, ४ जीबी रॅम) विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि मशीनमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून विंडोज ११ काय बसत नाही. म्हटलं लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) टाकू, आणि मामांनी स्वतः टाकावं म्हणजे परत मारायची वेळ आली तर मला पुण्याहून यायला नको. भाषा निवडली, वायफाय जोडलं, तोवर मस्त चाललं. मग डिस्कचे भाग पाडायचा, म्हणजे पार्टिशनचा स्क्रीन आला आणि मामा मला म्हणतात, "पार्टिशन? आमची वाटणी होऊन दहा वर्षं झाली की बे." हसायला आलं खरं पण त्यांचं काय चुकलं, इरेज डिस्क (सगळं पुसून टाक) का समथिंग एल्स (भाग स्वतः पाड) हे नवख्या माणसाला कसं कळणार? हे सोपं कसं करायचं?

फॉरमॅट_मारणारा:
भावा तू काम चुकीच्या माणसाला देतोयस. डिस्कचं तू कर, मामांना फक्त नाव-पासवर्ड टाकू दे. मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं की मेनूत ओईएम (म्हणजे मशीन बनवणारी कंपनी) इन्स्टॉल असं असतं, लोक ते बघून पुढं जातात कारण पुढं फॉर मॅन्युफॅक्चरर्स लिहिलंय. त्यानं सगळं टाकून घे, अपडेट मार, प्रिंटर जोड, आणि शेवटी डेस्कटॉपवरच्या प्रिपेअर फॉर शिपिंगवर क्लिक करून बंद कर. मामा चालू करतील तेव्हा भाषा, कीबोर्ड, वेळ आणि नाव-पासवर्ड एवढंच विचारेल. रॅम ४ आहे तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घे, जड सिनॅमनच्या नादी लागू नको.

शेंगाचटणी:
वरचं बरोबर आहे, फक्त कीबोर्डपाशी इंग्लिशच ठेवायला सांग. मी हौसेनं काकूंना मराठी निवडून दिला, पासवर्डच्या जागी नुसते टिंब दिसतात, काकूंनी देवनागरी टाइप केलं का काय केलं कुणालाच कळेना, दुसऱ्या दिवशी लॉगिनच होईना. परत पहिल्यापासून. मराठी नंतर सेटिंगमधून जोडता येतो की.

नवी_पेठ_रिपेअर:
टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) त्याच लॅपटॉपवर आहे का ते आधी विचारा. ते विंडोजचं आहे, लिनक्सवर सरळ चालत नाही, मग मामा दुसऱ्याच दिवशी माझ्याकडं येतील आणि म्हणतील विंडोजच मारून द्या. आणि पुसायच्या आधी बिलं-फोटो बाहेर कॉपी करून ती कॉपी उघडून बघा, नुसती कॉपी झाली म्हणून सोडू नका. आमच्याकडं येणारे निम्मे लोक इथंच रडतात.

टॉवेलवाला_भाचा:
टॅली मुनीमजींच्या मशीनवर आहे, मामांचं मेल, बिलाच्या पीडीएफ आणि यूट्यूब. ओईएमचं माहीतच नव्हतं, शनिवारी येतोय तेव्हा करतो. एकच भीती, बॅटरी मेलेली आहे, वायर हलली की बंद. मधेच लाइट गेली तर?

फॉरमॅट_मारणारा:
तर पेनड्राइव्ह लावून परत पहिल्यापासून टाकायचं, बाकी काय नाही. डेटा बाहेर काढलेला असला म्हणजे झालं. शेजारून इन्व्हर्टरचं कनेक्शन घे अर्ध्या तासासाठी, आणि मामांना वायरपासून लांब बसव.