ऑनलाइन रोल-प्लेमधून औषधोपचार कसा शिकवावा?

प्रश्न: मी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकवते. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रिया मुलं घडाघडा म्हणतात. पण व्हिडिओ कॉलवर मी वॉरफरिन घेणारी रुग्ण झाले, तेव्हा "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असं एकानंही विचारलं नाही. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक लिहून मोकळे! त्यानं आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे पाठ असूनही. फार वाईट वाटलं. काय बदलू?

उत्तर: मॅडम, रुग्णाची भूमिका मुलांनाच द्या. आमच्याकडे एकीनं मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं औषध) घेणारी आजी केली. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी रोज घेणारी. आता ती विद्यार्थिनी प्रत्येक रुग्णाला गोळी घेण्याचा वार विचारते.

प्रश्नकर्ती: छान! चूक झाली की लगेच थांबवू का?

उत्तर: नको. चार दिवसांनी तोच रुग्ण परत आणा, हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून.