परीक्षक मंडळ निवडणार असलेल्या प्रदर्शनासाठी छायाचित्रे कशी निवडावीत?

प्रश्न: खाजणकाठ (उरण)

सर्वांना नमस्कार. गेली चार वर्षे मी उरण परिसरातील मिठागरांची कृष्णधवल छायाचित्रे काढत आहे. मुंबईतील एका कलादालनाने फाइन आर्ट छायाचित्रांच्या प्रदर्शनासाठी प्रवेशिका मागवल्या असून निवड तीन जणांचे परीक्षक मंडळ करणार आहे. त्यांत एक चित्रकार, एक छायाचित्रकार आणि संग्रहालयात अभिरक्षक म्हणून काम करणाऱ्या एक बाई आहेत. प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच छायाचित्रे पाठवता येतात. पहिली निवड पडद्यावर होईल आणि निवडलेल्या चित्रांच्या फ्रेम केलेल्या प्रिंट पंधरा दिवसांत पोहोचवायच्या आहेत.

सलॉनमध्ये, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनांत, माझी काही छायाचित्रे स्वीकारली गेली आहेत, पण गेल्या वर्षी अशाच एका कलादालनाने माझी पाचही चित्रे नाकारली आणि कारण कळवले नाही. त्या वेळी मी एक सूर्यास्त, एक बगळा, एका आजींचा चेहरा, पावसातला रस्ता आणि एक मिठागर अशी माझी उत्तम वाटलेली पाच चित्रे पाठवली होती. या वेळी केवळ मिठागरेच पाठवावीत का? चित्रकार परीक्षकाला छायाचित्रातले बारकावे कितपत भावतील, अशीही शंका मनात आहे. शिवाय पडद्यावर लखलखणारे मिठाचे ढीग प्रिंटमध्ये कोऱ्या कागदासारखे दिसतात, त्याचे काय करावे हेही कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: अंधारखोली (पुणे)

केवळ मिठागरेच पाठवा. सलॉन आणि कलादालन यांच्या निवडीत मूलभूत फरक आहे. फियाप या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या सलॉनमध्ये प्रत्येक चित्राला स्वतंत्र गुण मिळतात, त्यामुळे तिथे बगळा आणि सूर्यास्त एकमेकांच्या आड येत नाहीत. कलादालनाला मात्र भिंत मांडायची असते. पाच निरनिराळ्या विषयांची चित्रे पाहून परीक्षकाला तुमचा हात बसलेला आहे एवढेच कळते. तुम्ही कशाकडे आणि का पाहत आहात ते कळत नाही.

आता मिठाच्या पांढऱ्याविषयी, कारण माझ्या मते तुमच्या कामाचा खरा प्रश्न तोच आहे. पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद केवळ पडलेला प्रकाश परत करतो, हे आपल्याला माहीत असूनही आपण चित्र पडद्यावरच पूर्ण झाले असे समजतो. फाइलमध्ये उजळता ० (पूर्ण काळा) ते २५५ (पूर्ण पांढरा) अशी मोजतात, आणि ज्या जागेचे मूल्य २५५ आहे तिथे प्रिंटर शाईचा थेंबही टाकत नाही, म्हणून तिथे मिठाऐवजी कागद दिसतो. ढिगाचा उजळ भाग २४० ते २४५ च्या दरम्यान आणा आणि अगदी एखाद्या ओल्या कणावरची चमक तेवढी वर राहू द्या. मॅट कॉटन कागद वापरणार असाल, तर दुसऱ्या टोकाकडेही लक्ष द्यावे लागेल, कारण त्यावर काळा रंग चकचकीत कागदाइतका खोल उतरत नाही आणि खाजणातल्या चिखलाचे गडद थर एकमेकांत मिसळून जातात. ज्या कागदावर अंतिम प्रिंट काढणार त्याच कागदावर, त्याच प्रिंटरची आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंगछटा कशा उतरतील हे सांगणारी फाइल) लावून, पोस्टकार्डाएवढी चाचणी प्रिंट काढा आणि ती खिडकीजवळच्या उजेडात, तसेच संध्याकाळी दिव्याखाली पाहा. मॉनिटरची उजळता कमी करून कॅलिब्रेट केलेली, म्हणजे प्रमाणित मापाशी जुळवलेली, नसेल, तर आधी ते करा. घरातले बहुतेक मॉनिटर गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेले असतात, आणि प्रिंट काळवंडल्या की आपण लॅबला दोष देतो.

उत्तर २: तिसरी खुर्ची (मुंबई)

मी दोन वेळा अशा मंडळावर बसलो आहे, म्हणून थोडे आतले सांगतो. पहिल्या फेरीत प्रत्येक चित्रासमोर काही क्षणच मिळतात आणि त्यात बरीच चित्रे गळतात. खरी चर्चा दुसऱ्या फेरीत होते, आणि तिथे एखाद्या परीक्षकाने चित्राची बाजू मनापासून लावून धरली तर सुरुवातीला मागे पडलेले चित्रही भिंतीवर जाते. शेवटी जागा संपत येते आणि मग चांगली चित्रेसुद्धा केवळ शेजारच्या चित्रांशी जुळत नाहीत म्हणून वगळावी लागतात. गेल्या वर्षीच्या नकाराला त्यामुळे तुमच्या योग्यतेचा निवाडा समजू नका.

चित्रकार परीक्षकाविषयीची शंका फार जुनी आहे. १८९८ मध्ये फिलाडेल्फियात भरलेल्या छायाचित्र सलॉनच्या मंडळात विल्यम मेरिट चेस हे चित्रकार आणि आल्फ्रेड स्टिगलिट्झ हे छायाचित्रकार एकत्र बसले होते. पुढच्या वर्षी गर्ट्रूड केझबिअर, क्लॅरेन्स व्हाइट अशा छायाचित्रकारांकडेच निवड सोपवली गेली. छायाचित्र ही कला आहे का, हा वाद त्या काळी असा प्रदर्शनाच्या दारातच लढला जात होता. माझा अनुभव विचाराल, तर चित्रकार परीक्षक लेन्स आणि कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, ते चित्राच्या कडा पाहतात. चौकटीच्या कोपऱ्यात अर्धवट आलेली वायर किंवा डाव्या कडेला कापले गेलेले फावडे त्यांना आधी खटकते. पाचही चित्रांच्या चारही कडांवरून एकदा बोट फिरवून पाहा, आणि जिथे बोट अडखळेल तिथे ती गोष्ट खरोखर हवी आहे का ते ठरवा.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. केवळ मिठागरे पाठवायची म्हणजे पाचही चित्रांत ढीगच हवेत असे नव्हे. एक दुरून, एक हातापायांचे, एक रिकाम्या वाफ्याचे असा श्वास त्या मालिकेत असू द्या.

उत्तर ३: फ्रेमवाली (ठाणे)

फ्रेमबद्दल दोन गोष्टी. प्रिंट काचेला थेट टेकवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत ती काचेला चिकटते आणि सोडवताना वरचा थर निघतो. मध्ये आम्लविरहित माउंट बोर्ड (प्रिंटभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची चौकट) असेल तर पुरेशी पोकळी राहते आणि कागदही पिवळा पडत नाही. प्रिंट विक्रीस ठेवणार असाल, तर आवृत्ती किती प्रतींची हे आधीच ठरवून प्रतीचा क्रमांक आणि सही पेन्सिलीने करा. एकदा दहा प्रती जाहीर केल्यावर अकरावी काढणे म्हणजे आधीच्या दहा घेणाऱ्यांची फसवणूक होय.

नियमावलीतील हक्कांचे कलमही नीट वाचा. प्रदर्शनाच्या प्रसिद्धीपुरता वापर मागणे रास्त आहे, परंतु सर्व हक्क कायमचे मागितले असतील, तर प्रवेश शुल्क भरण्यापूर्वी लेखी खुलासा मागवा.

प्रश्नकर्ता: खाजणकाठ (उरण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल त्याच कागदावर चाचणी प्रिंट काढल्या. पहिल्या प्रिंटमध्ये ढीग सपाट पांढरा होता. उजळ भाग २४२ वर आणल्यावर मात्र मिठावर उमटलेले टोपलीच्या विणीचे ठसे दिसू लागले. ते फाइलमध्ये चार वर्षे होते आणि माझ्या नजरेस कधी पडले नव्हते. कडा तपासताना ज्या चित्राचा मला सर्वाधिक अभिमान होता त्यात उजव्या कोपऱ्यात मोटारसायकलचे अर्धे चाक सापडले. ते कापले तर टोपली उचलणाऱ्या बाईंचा हातही कापला जातो, म्हणून ते चित्र मी बाजूला ठेवले आहे. त्याच्या जागी पाणी आटलेल्या वाफ्याचे चित्र घेतले असून त्यात मीठ केवळ कडेला, बोटभर रुंदीच्या रेघेइतके आहे. हक्कांच्या कलमाबाबत कलादालनाला आज पत्र पाठवले आहे. उत्तर आल्यावर इथेच कळवीन.